प्रथम पक्ष, द्वितीय पक्ष आणि नंदू

स्मृतीला फक्त एक बाई हवी होती. सोमवारपासून नंदूला दिवसभर सांभाळणारी, हात धुऊन त्याला उचलणारी आणि त्याच्यासमोर मोबाइल न बघणारी. एवढ्याशा गरजेपोटी भारतीय करार कायदा सदेह घरात येईल, सोफ्यावर बसेल आणि बिनसाखरेची कॉफी मागेल, असं तिला कोणी सांगितलं असतं तर तिने नंदूला पाठीला बांधून ऑफिस गाठलं असतं.

सोमवार टळणारा नव्हता. बाळंतपणाची रजा संपली होती, ती वाढवून मागण्याच्या सगळ्या सबबीही संपल्या होत्या. ऑफिसातून आलेल्या मेलमध्ये 'तुझी वाट बघतोय' या वाक्यापुढे एक हसरा चेहरा होता, तो स्मृतीला मुळीच हसरा वाटला नव्हता. तिच्या जागी तात्पुरता घेतलेला प्रणीत म्हणे फारच हुशार निघाला होता. त्याने तिच्या फायली नीट लावल्या होत्या. तिच्या टेबलावरच्या रोपाला पाणीसुद्धा घालत होता, आणि रोप जगलं होतं. सोमवारी आपण त्या खुर्चीत बसलो नाही तर प्रणीत तिथून उठत नाही, हे कळायला ज्योतिषी नको होता.

करार करायची कल्पना समोरच्या फ्लॅटमधल्या रक्षिताची. बंगळुरातल्या सर्जापूर रोडवरच्या त्या इमारतीत रक्षिताला सहानुभूतीने वागवत, कारण तिची बाई पळवली गेली होती. लांब कुठे नाही, एक मजला वर. आता रोज सकाळी ती बाई दुसऱ्याच बाळाला कडेवर घेऊन लिफ्टमध्ये चढे, रक्षिताच्या मुलाला गोड हसून टाटा करे आणि वर जाई. मुलगा लिफ्टच्या दाराला चिकटून रडे.

"लिहून घेतलं होतं का मी काही?" रक्षिताने विचारलं. "नाही. विश्वास ठेवला. तू ठेवू नकोस. तळमजल्यावरच्या श्रीधररावांना बोलाव, बँकेच्या लीगल डिपार्टमेंटला होते ते."

श्रीधररावांना बोलवावं लागलं नाही. निवृत्तीनंतर त्यांना कायद्यातलं काही विचारणारं माणूस उरलं नव्हतं. सोसायटीच्या सभेत त्यांनी हात वर केला की अध्यक्ष पंख्याकडे बघत. त्यामुळे स्मृतीने लिफ्टमध्ये नुसतं "काका, एक विचारायचं होतं" म्हटलं, आणि संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर.

"करार म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न नव्हता, प्रस्तावना होती. "एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारायचा. मधे मोबदला. दोघंही सज्ञान, शुद्धीवर, राजीखुशी. काम बेकायदा नको. झाला करार."

"एवढंच?"

"एवढंच म्हणू नकोस. एवढ्यावर माझी सगळी नोकरी चालली की." तेवढ्यात नंदूने त्यांचा चष्मा ओढला. "आणि हा अज्ञान. अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्द."

कायद्यात लहान मुलाला अज्ञान म्हणतात हे स्मृतीला ठाऊक होतं, तरी तो शब्द तिला लागला. डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात नंदूला वयाच्या मानाने तल्लख म्हटलं होतं.

"तोंडी नाही का चालत, काका?"

"चालतो. नुसत्या वागण्यातूनसुद्धा करार होतो. तू रिक्षात बसलीस, रिक्षा निघाली, झाला करार. कोण कागद बघतो? पण भांडण झालं की तोंडी करार सिद्ध करताना तोंडाला कोरड पडते. लिहून घे."

मसुदा करायचं काम नवऱ्याकडे गेलं. यशोवर्धन सॉफ्टवेअरवाला. जे एकदा कोणीतरी लिहिलंय ते पुन्हा लिहिणं हा त्याच्या धंद्यात गुन्हा समजतात. त्याने स्वतःच्या नोकरीचा करार उघडला आणि 'कंपनी'च्या जागी 'प्रथम पक्ष', 'कर्मचारी'च्या जागी 'द्वितीय पक्ष' आणि 'लॅपटॉप'च्या जागी 'नंदू' घातलं. चहा गार व्हायच्या आत मसुदा तयार.

स्मृतीने वाचायला घेतलं. "प्रथम पक्षाने दिलेला नंदू सेवासमाप्तीच्या दिवशी चार्जरसह सुस्थितीत परत करावा."

"चार्जर काढतो," यशोवर्धन म्हणाला.

"नंदूवर खाजगी फायली साठवू नयेत. नंदू बंद पडल्यास स्वतः उघडून पाहू नये, तत्काळ कळवावे."

"हे मात्र राहू दे. बरोबर आहे की."

खरं सांगायचं तर स्मृतीलाही बरोबर वाटलं. ती खोडायला बसली होती, पण जसजशी वाचत गेली तसतशी तिच्या पोटातल्या एकेका भीतीला एकेक कलम मिळत गेलं. बाई सोडून गेली तर? नोटिशीचं कलम. घरातलं बाहेर बोलली तर? गोपनीयतेचं कलम. कोणी पळवली तर? सेवा सोडल्यावर एक वर्ष पाच किलोमीटरच्या आत दुसरं कुठलंही मूल सांभाळायचं नाही, हे कलम. आणि सेवेच्या काळात द्वितीय पक्षाने निर्माण केलेली सर्व गाणी, गोष्टी व पाककृती कायमस्वरूपी प्रथम पक्षाच्या मालकीच्या, हेही राहिलं. त्याचं काय करायचं ते कोणालाच कळलं नाही, पण खोडायला जीव होईना.

"ते पाच किलोमीटरचं टिकणार नाही," श्रीधरराव म्हणाले. "नोकरी सोडल्यावर माणसाला पोट भरण्यापासून अडवणारा करार आपल्या कायद्यात चालत नाही."

"टिकायला कशाला हवं?" रक्षिता म्हणाली. "धाक बसला म्हणजे झालं."

आता फक्त द्वितीय पक्ष शोधायचा राहिला होता.

शुक्रवारी दोघीजणी भेटायला आल्या. हा शुक्रवार श्रावणातला होता, आणि म्हणून चामराजपेटेतून स्मृतीच्या सासूबाई मथुराबाई भल्यामोठ्या पिशवीसह पहाटेच येऊन बसल्या होत्या. त्यांचं घराणं इतक्या पिढ्यांपासून बंगळुरात होतं, की नाशिकहून आलेल्या सुनेचं मराठी त्यांना परदेशी वाटे आणि सुनेला त्यांचं.

पहिल्या आल्या तुंगाबाई, मथुराबाईंच्याच गल्लीतल्या. नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान, स्वतःची चार मुलं वाढवलेली, बोलणं मराठी. स्मृतीने प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाळाच्या घशात काही अडकलं तर? "देवाच्या दयेने अडकत नाही." ताप आला तर? "देवाच्या दयेने येत नाही." लिफ्ट बंद पडली तर? "मी जिन्याने चढणार, सूनबाई. त्या पेटीवर माझा भरवसा नाही." बारावा मजला ऐकूनही त्यांनी उत्तर बदललं नाही.

दुसरी सौम्या, इमारतीच्या वॉचमनने सुचवलेली. कानडी आणि कामापुरतं हिंदी बोलणारी, तिशीतली, येलहंक्याला एका एअरफोर्सवाल्या मॅडमच्या जुळ्यांना सांभाळणारी. तिला इकडे सर्जापूर रोडला बहिणीजवळ यायचं होतं. ती सगळ्याच प्रश्नांना "सरी, अक्का" म्हणाली, म्हणजे बरं, ताई. हात धुशील? सरी, अक्का. मोबाइल बघणार नाहीस? सरी, अक्का. तुला काही आजार आहे का? सरी, अक्का. यावर स्मृतीने बराच वेळ विचार केला.

दोघींनाही तिने नीट, स्वच्छ शब्दांत सांगितलं की विचार करून फोन करते. कायद्याच्या भाषेत म्हणायचं तर प्रस्ताव झाला नाही, स्वीकृती झाली नाही, काही म्हणता काही झालं नाही. आणि दोघीही जायला उठल्या तेव्हा मथुराबाई तबक घेऊन आल्या.

"श्रावणातला शुक्रवार. सवाष्ण रिकाम्या हाताने जाते होय? हे घे गं, तुझ्या हाताने दे. घर तुझं आहे."

स्मृतीने हळदकुंकू लावलं, पानसुपारी, खण आणि नारळ ओटीत घातला, वाकून नमस्कार केला. तुंगाबाईंनी नारळ कपाळाला लावला. सौम्याने तर दोन्ही डोळ्यांना लावला आणि तिचे डोळे पाणावले. किती भाविक, असं स्मृतीच्या मनात आलं. जिच्या माहेरी माणसाला नारळ देणं म्हणजे त्याला घरी बसवणं, तिला यात कसला धोका दिसणार?

शनिवारी तिने तुंगाबाईंना हो कळवलं. सौम्याला नाही कळवायचं होतं, पण नकाराचा फोन करायला कोणाचा हात पटकन उचलतो? आधी स्टॅम्पपेपर आणू, मग करू, असं ठरलं.

स्टॅम्पपेपर मिळण्याच्या जागी ही रांग लागलेली. सगळे भाडेकरू आणि घरमालक. खिडकीपर्यंत पोचेतो नंदूचा धीर सुटला आणि त्याने गळा काढला.

"उद्देश?" आतल्या माणसाने विचारलं.

"बाळ सांभाळणं," स्मृती म्हणाली.

"तसं नाही इथे. भाडं आहे, विक्री आहे, हमीपत्र आहे." त्याने नंदूकडे नजर टाकली. "भाड्याने देताय की घेताय?"

"नोकरीचा करार आहे हो!"

"मग तसं सांगा की. कंपनीचं नाव?"

"कंपनी नाही. मी आई आहे."

"आई असा पर्याय नाही," तो दुःखाने म्हणाला. "साधा करार घालतो. फर्स्ट पार्टी कोण?"

नंदूने तेव्हाच वरचा सूर लावला होता. यशोवर्धनने एका हाताने खुळखुळा वाजवत दुसऱ्या हाताने फोनमधलं आधी हाती लागलेलं ओळखपत्र पुढे केलं. मागचा घरमालक "स्वल्प बेगा, स्वल्प बेगा" करत घाई लावत होता. कागद छापून आला, त्यावर शिक्का होता, नक्षी होती, तिचं आणि तुंगाबाईंचं अशी दोघींची नावं होती. स्मृतीला इतकं सुरक्षित वाटलं, की नकाराचा फोन राहूनच गेला.

रविवारी सकाळी दिवाणखाना लग्नाच्या याद्या करायला बसल्यासारखा भरला. तुंगाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या आणि बारा मजले चढून आल्यामुळे पंख्याखाली डोळे मिटून बसल्या होत्या. मथुराबाई उपम्याच्या ताटल्या फिरवत होत्या. श्रीधररावांनी घसा साफ केला आणि करार मोठ्याने वाचायला घेतला.

"प्रथम पक्ष, म्हणजे तुंगाबाई. द्वितीय पक्ष, म्हणजे सौ. स्मृती. द्वितीय पक्ष उद्यापासून प्रथम पक्षाच्या सेवेत रुजू होईल आणि प्रथम पक्ष सांगेल ती सर्व कामे..." ते थांबले. चष्मा पुसला. कागद उजेडात धरला.

तुंगाबाईंनी डोळे उघडले. "मला बाई ठेवायला कुठलं परवडतंय? आणि ही नाशकाची. हिला आमचं तिखट चालणार नाही."

स्टॅम्पपेपरवर नावं उलटी पडली होती. यशोवर्धन खुळखुळ्याबद्दल काहीतरी पुटपुटला. स्मृती, एमकॉम प्रथम श्रेणी, रीतसर शिक्क्यानिशी तुंगाबाईंच्या घरी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर लागली होती.

"हरकत नाही," श्रीधरराव म्हणाले. "मी उलटं करून वाचतो. तुम्ही सुलटं ऐका." आणि ते वाचत सुटले. तुंगाबाई नोटिशीला मान हलवत होत्या, गोपनीयतेला मान हलवत होत्या. गाण्यांच्या कलमावर मान थांबली.

"गाणी कुणाची?"

"तुम्ही इथे असताना जी गाणी कराल, ती स्मृतीच्या मालकीची."

"मी गाणी करत नाही. माझी आई म्हणायची ती म्हणते. ती कशी हिची होणार? आणि घरी जाऊन नातीला म्हटली तर?"

"तर, म्हणजे... परवानगी घेऊन," श्रीधरराव म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"आणि ते पाच किलोमीटरचं काय म्हणालात? इथलं सोडलं तर दुसरं मूल घ्यायचं नाही? माझी धाकटी इथेच रस्त्यापलीकडे राहायला येतीय पुढच्या महिन्यात. तिची पोरगी रडली तर मी हात मागे बांधून उभी राहू?"

स्मृतीने तोंड उघडलं. ते खोडणार होतो, असं तिला सांगायचं होतं. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात सौम्या होती. हातात बॅग, डोक्यात गजरा, मागे बॅग धरायला आलेली बहीण. "बंदे, अक्का!" ती प्रसन्न हसून म्हणाली, आले मी. "उद्यापासून म्हणालात, पण मी आजच घर बघून ठेवते. येलहंक्याच्या मॅडमना सांगून सोडून आले. त्या रडल्या."

"सोडून? पण मी तर फोन करते म्हटलं होतं," स्मृती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून ऐकू येत होता.

"फोन कशाला? तांबूल दिलंत की. बोलणं झालं, तुमच्या हाताने नारळासकट तांबूल दिलंत, मी डोळ्यांना लावलं. मुगीतु! संपलं. त्यानंतर कोण फोन करतं?"

श्रीधरराव हळूच पुटपुटले, "वागण्यातून करार," आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच निखळ आनंद दिसला. "पाठ्यपुस्तकात घालण्यासारखं आहे, स्मृती."

तुंगाबाई उठून उभ्या राहिल्या. "मलाही दिलं तांबूल. शब्द एक आणि माणसं दोन?"

"ते शुक्रवारचं हळदीकुंकू होतं!" स्मृती सासूबाईंकडे वळली. "सांगा ना यांना, तुम्हीच द्यायला लावलंत!"

"द्यायला मी सांगितलं," मथुराबाई शांतपणे म्हणाल्या. "नोकरीची बोलणी करून लगेच द्यायला कोण सांगितलं? मला वाटलं दोघींना ठेवतीस. मोठ्या पगाराची माणसं तुम्ही."

तुंगाबाईंनी सौम्याकडे पाहिलं, सौम्याने तुंगाबाईंकडे. आतापर्यंत एकमेकींच्या वाटेत उभ्या असलेल्या या दोन बायका एका क्षणात एकाच बाजूच्या झाल्या. भाषेची अडचणही आली नाही. चामराजपेटेत आयुष्य काढलेल्या तुंगाबाई तितक्याच सहज कानडीत म्हणाल्या, "चल गं, जेवायला घरी चल," आणि दोघी निघून गेल्या. सौम्या लिफ्टपाशी थबकली. तुंगाबाईंनी तिचा दंड धरून तिला जिन्याकडे वळवलं. बहीण बॅग घेऊन मागे.

स्मृती सोफ्यावर बसली. शुक्रवारी दोन होत्या, आता शून्य. स्टॅम्पपेपर मात्र होता. तिच्या मांडीवर बसून नंदू त्याचा कोपरा चोखत होता आणि तिने त्याला चोखू दिला.

पाच मिनिटांत रक्षिता आत आली. डोळ्यांत चमक. "अगं, जिन्यात दोन बायका भेटल्या, काय छान आहेत गं! तुझ्याकडे झालं नाही म्हणाल्या. मी दोघींचे नंबर घेऊन ठेवलेत. तुझी हरकत नाही ना?"

ज्या माउलीने स्मृतीला बाई पळवणाऱ्यांपासून सावध केलं होतं, तीच ही. स्मृतीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली उचलली.

चामराजपेटेला जाताना गाडीत पाच जण होते. यशोवर्धन चालवत होता, मथुराबाई रस्ता सांगत होत्या, नंदू त्याच्या खुर्चीत होता, आणि श्रीधरराव, ज्यांना कोणी चला म्हटलं नव्हतं, मांडीवर करार घेऊन बसले होते. "समोरचा पक्ष दुखावलेला आहे," ते म्हणाले. "अशा वेळी सल्लागार लागतो." सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीत गाडी उभी राहिली तेव्हा स्मृतीच्या डोळ्यांपुढे प्रणीत आला. तो खुर्ची स्वतःच्या उंचीला जुळवून घेत होता.

तुंगाबाईंचं घर दुकानाच्या मागेच. शिवायला टाकलेल्या झबल्यांच्या ढिगाशेजारी सौम्या चित्रान्न खात होती. स्मृतीने तोंड उघडायच्या आत नंदूने आपला निर्णय जाहीर केला. त्याला सौम्याच्या बांगड्या दिसल्या होत्या. तो तिच्या दिशेने असा काही झेपावला, की ताट बाजूला सारायलाही तिला जेमतेम वेळ मिळाला.

"हात धुतलेस?" स्मृतीच्या तोंडून निघून गेलं.

सौम्याने नंदूला परत स्मृतीच्या हातात दिलं, उठली, मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले, आली आणि नंदूला पुन्हा घेतलं. स्मृतीचे कान तापले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "ते गाण्यांचं, ते पाच किलोमीटरचं. सगळं काढते. तांबूलाचं मला खरंच माहीत नव्हतं. सौम्या, तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. उद्या मला जायचंय आणि मला कळत नाही याला कोणाकडे ठेवून जायचं. दोघीही याल का?"

गाडी लावून आत आलेल्या यशोवर्धनने दोन पगारांचं गणित मनातल्या मनात मांडलं आणि बायकोचा चेहरा बघून मनातल्या मनात पुसलं.

तुंगाबाई मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या. आता प्रश्न विचारायची पाळी त्यांची होती, आणि त्यांनी कसूर केली नाही.

"घरात कॅमेरा लावणार?"

"दिवाणखान्यात एक," स्मृती म्हणाली. "दोन."

"बाळाचे बाप बाळाला घेतात?"

"घेतात," यशोवर्धन म्हणाला. मथुराबाई खोकल्या. "घेईन," तो म्हणाला.

"काम काय नि कोणतं, ते आधी सांगा. बाळ म्हणजे बाळ. पाहुण्यांचा चहा, फरशी, भांडी नंतर हळूच घुसवणार नाही?"

"नाही."

"कामाचं स्वरूप स्पष्ट असावं," श्रीधरराव दुकानाच्या उंबऱ्यावरून म्हणाले. "हे फार बरोबर कलम आहे. आम्ही घालायला विसरलो."

तुंगाबाई आणि सौम्या आपसात कानडीत बोलल्या. सौम्या जवळ राहते, तिने सकाळी लवकर यायचं. तुंगाबाईंनी दोन बस बदलून दुपारी पोचायचं आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं. पहिला दिवस म्हणून उद्या मात्र त्या सौम्याच्या बहिणीकडे मुक्काम करून सकाळीच येतील. कोणीही सोडायचं ठरवलं तर महिनाभर आधी सांगायचं, आणि ते स्मृतीलाही लागू.

"सरी," तुंगाबाई म्हणाल्या. "आम्ही येतो. एकाच अटीवर. तुम्ही ऑफिसातून दिवसाला एक फोन करायचा."

"एक?" स्मृतीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी चार तरी..."

"मघाशी जेवताना सौम्या सांगत होती. त्या येलहंक्याच्या बाई तासातासाला फोन करायच्या. जुळी झोपली की घंटा, उठली की घंटा. एक."

"दोन करा ना. एक साधा, एक व्हिडिओ. मी फक्त बघेन, बोलणार नाही."

श्रीधरराव उंबऱ्यावरून ताडकन उठले. "स्मृती! काय करतीस? प्रतिप्रस्ताव दिलास की मूळ प्रस्ताव तिथेच मरतो. त्या आता पाठ फिरवून मोकळ्या आहेत!"

स्मृतीने तुंगाबाईंकडे पाहिलं. त्यांनी खरंच कात्री उचलली होती आणि त्या कापडाकडे वळत होत्या. तेवढ्यात सौम्याचा फोन वाजायला लागला. तिने पडद्यावरचं नाव वाचलं. रक्षिता.

"एक!" स्मृती ओरडली. "एकच! जसाच्या तसा! अजिबात बदल नाही!"

तुंगाबाईंनी कात्री खाली ठेवली. सौम्याने फोन वाजू दिला. नंदू केव्हाच तिच्या खांद्यावर झोपला होता, तोंड उघडं, लाळ पदरावर.

श्रीधररावांनी करारनामा पुढे केला आणि निदान गाण्यांचं कलम खोडून सह्या तरी, असं म्हणाले. तुंगाबाईंनी कागद हातात घेतला, चाचपून बघितला, चांगला जाड आहे म्हणाल्या आणि त्याच्यावर झबल्याच्या गळ्याचा आकार काढायला लागल्या. श्रीधररावांना तिथून उठवून गाडीत बसवणं यशोवर्धनला जड गेलं.

सोमवारी सकाळी स्मृतीने सगळं तीन तीन वेळा सांगितलं. औषधाची बाटली, पातळ वरण, पंख्याचा वेग, डाव्या कुशीवर झोपवणं. डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर, पाळण्यावर आणि चुकून उपम्याच्या डब्यावरही चिकटवला होता. सौम्या "सरी, अक्का" म्हणत राहिली. तुंगाबाई नंदूला मांडीवर घेऊन त्यांच्या आईचं गाणं म्हणत होत्या, जे कायद्याने कोणाचंच नव्हतं.

नंदू रडेल अशी स्मृतीची खात्री होती. रडला तर कसं समजवायचं, किती वेळ थांबायचं, ऑफिसात उशिराचं कारण काय सांगायचं, सगळं तिने ठरवून ठेवलं होतं. दारात उभी राहून तिने हात हलवला. नंदूने तिच्याकडे पाहिलं, मग बांगड्यांकडे पाहिलं, आणि बांगड्या निवडल्या.

"जावा आता," तुंगाबाई म्हणाल्या. सौम्याने हसत हसत दार लावून घेतलं. कडीसुद्धा घातली.

स्मृती आपल्याच घराच्या बंद दाराबाहेर खांद्याला बॅग लावून उभी राहिली. आतून काही ऐकू येत नव्हतं. रडणं नाही, हाक नाही, धडपडणं नाही. सहा महिन्यांत इतकी शांतता या घरात कधी झाली नव्हती, आणि शांततेइतकं वाईट लक्षण दुसरं नाही हे कुठल्याही आईला विचारा. लिफ्ट वर आली. दार उघडलं, वाट पाहिली, बंद झालं, खाली गेली.

तिने फोन काढला.

बंद दाराच्या आत घंटी वाजली. पावलं आली. आणि मग तुंगाबाईंचा आवाज आला, फोनमधून आणि दाराच्या फटीतून, दोन्हीकडून एकदम:

"हा आजचा झाला हं, सूनबाई."